अमानत

आमचा धंदा लाकडाचा. आजोबा बैलगाडीची चाके करीत, वडिलांनी दारे-खिडक्या केल्या आणि आम्ही भाऊ फर्निचर करतो. मोहल्ल्यात आम्हाला मिस्त्री म्हणूनच ओळखतात. शहराचे नाव २०२४ साली सरकारी कागदावर अहिल्यानगर झाले, पण आमच्या बोलण्यात ते अजून नगरच आहे, कारण मालाची गाडी मागवताना आणि पाहुण्याला पत्ता सांगताना जिभेवर तेच येते. कारखाना म्हणावा एवढी आमची जागा मोठी नाही. पत्र्याची एक शेड, दोन यंत्रे, भिंतीला टांगलेल्या करवती आणि कोपऱ्यात आजोबांच्या काळापासून पडलेले जुन्या चाकांचे काही अवशेष, एवढेच.

आजोबा एक गोष्ट वारंवार सांगत. लाकडाला दिशा असते. झाड जसे वर वाढते तसे त्याचे धागे उभे जातात. धाग्याच्या दिशेने लाकूड ओढा, वजन टाका, ते सहन करील. धागा आडवा आला की तेच लाकूड बिस्किटासारखे मोडेल. म्हणून चाकाचा आरा करताना ते बाभळीचा ओंडका आधी करवतीने कापत नसत, तर कुऱ्हाडीने फोडून घेत. फोडले की लाकूड स्वतःच आपला धागा दाखवते. करवत मात्र धागा बघत नाही, ती आपली रेघ बघते. अशा फोडलेल्या आऱ्यावर भरल्या उसाची गाडी श्रीगोंद्यापासून राहुरीपर्यंतच्या खडबडीत रस्त्यांवरून जाई आणि आरा मोडत नसे.

हे सगळे सांगायचे कारण एक गिटार. आमच्या घरात वाद्य कधी आले नव्हते. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळे भाईजान म्हणतो, ते दीनदार माणूस. वर्षातून चाळीस दिवस जमातीत जातात. लग्नाच्या वरातीत बेंजो पार्टी असेल तर ते मशिदीतला निकाह लावून परस्पर घरी येतात. त्यांनी कोणाच्या घरी जाऊन गाणे बंद करा असे कधी म्हटले नाही. पण स्वतःच्या घरात त्यांची एक मर्यादा होती आणि ती आम्ही सगळ्यांनी पाळली.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाईजानचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, रात्री शेडमध्ये आला. तो तेव्हा डिप्लोमाला शिकत होता. त्याच्या हातात काळी लांबट पिशवी होती. पिशवीतून त्याने एक लालसर इलेक्ट्रिक गिटार काढली. तिचे डोके, ज्याला हेडस्टॉक म्हणतात आणि ज्यावर तारा ताणायच्या खुंट्या असतात, ते मानेपासून मोडून पुढे लोंबत होते. सहाही तारा सैल होऊन गुंतल्या होत्या. समोरच्या काळ्या पापुद्र्याचा एक पदर तेवढा शिल्लक होता, त्याच्यावर ते डोके अडकून राहिले होते.

हळूहळू सगळे बाहेर आले. गिटार त्याची नव्हती. वर्गातल्या एका ख्रिस्ती मित्राची होती. तो मित्र रविवारी चर्चमध्ये वाजवतो. आमचा पुतण्या वर्षभर त्याच्या घरी जाऊन शिकत होता आणि सुटीत आठ दिवस सराव करायला म्हणून त्याने ती मागून आणली होती. प्रवासात गाडीच्या वरच्या फळीवरून पिशवी खाली पडली, पाठीवर. उघडून बघितले तर ही अवस्था. गिटारची किंमत अठरा हजार रुपये. मित्राच्या वडिलांनी ती हप्त्याने घेतलेली. आणि पंचवीस डिसेंबरला नाताळ. मित्राला ती तेव्हा हवीच होती.

पुतण्याला दोन भीती होत्या. एक मित्राची आणि दुसरी वडिलांची. त्यातली कोणती मोठी हे त्याच्या चेहऱ्यावरून आम्हाला कळले नाही.

भाईजानपासून ही गोष्ट लपवणे शक्य नव्हते, आणि लपवायचीही नव्हती. इशाच्या नमाजानंतर ते शेडमध्ये आले तेव्हा गिटार टेबलावरच होती. ते बराच वेळ बघत उभे राहिले. मुलगा मान खाली घालून उभा होता. आता काय होणार म्हणून आम्ही गप्प होतो. अम्मीही मागून येऊन दारात टेकली होती. भाईजाननी पहिला प्रश्न विचारला तो वाद्याबद्दल नव्हता.

“किसकी है ये?”

मुलाने सांगितले.

“अमानत है ना उसकी? तो जैसी ली थी वैसी वापस देना पडेंगा. बजाने की बात बाद में.”

एवढे बोलून ते खाली बसले आणि मोडलेली जागा बोटाने चाचपू लागले. त्यांच्यातला मिस्त्री जागा झाला हे आम्हाला दिसले. पण त्याआधी त्यांच्यातला मुसलमान बोलला होता, हे आम्ही विसरणार नाही. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी मक्का सोडली त्या रात्री ज्या लोकांनी त्यांना घराबाहेर काढले त्यांच्याच ठेवी त्यांच्यापाशी होत्या. त्या ज्याच्या त्याला परत देण्यासाठी हजरत अली यांना त्यांनी मागे ठेवले. ठेव कोणाची आहे आणि कसली आहे हे पाहून अमानत बदलत नाही. भाईजाननी मुलाला ही गोष्ट त्या रात्री सांगितली नाही. ती त्याला पाठ होती.

पुण्यातल्या एका दुकानात फोन केला. त्यांनी दोन महिने लागतील असे सांगितले. म्हणजे काम आम्हालाच करायचे होते.

आता ही मान मोडते का ते बघा. गिटारचे डोके सरळ रेषेत नसते, ते मागे झुकलेले असते. गिब्सन या अमेरिकन कंपनीच्या जुन्या गिटारींत हा कोन सतरा अंशांचा असे, आणि आमच्यापुढची गिटार त्याच घाटाची स्वस्त नक्कल होती. डोके मागे झुकवले की तारा खाचांवर घट्ट दाबून बसतात, आवाज चांगला येतो. पण मान आणि डोके एकाच फळीतून कापले तर धागा मानेत सरळ जातो आणि डोक्याशी येऊन तिरपा तुटतो. म्हणजे ज्या जागी सर्वांत जास्त ताण आहे तिथेच धागा आखूड. त्यात मानेच्या पोटात एक लोखंडी सळई असते, मान वाकू नये म्हणून. ती आवळायचा नट नेमका या जागी येतो आणि त्याच्यासाठी लाकूड कोरलेले असते. म्हणजे आधीच बारीक जागा, ती आतून पोकळ, आणि तिथे धागा आडवा. सहा तारांचा मिळून ओढा साधारण पंचेचाळीस किलो. सिमेंटच्या एका गोणीला थोडे कमी, एवढे वजन रात्रंदिवस त्या अंगठ्याएवढ्या लाकडावर असते. पाठीवर पडली की खुंट्यांच्या वजनाने डोके मागे झटका खाते आणि मान तिथेच जाते.

लिओ फेंडर नावाच्या गृहस्थाने १९५० च्या सुमारास दुसरा मार्ग काढला. त्याच्या गिटारीचे डोके मागे झुकत नाही, मानेच्या पातळीतच सरळ राहते, फक्त थोडे खाली उतरते. मान स्क्रूने बसवलेली, खराब झाली की काढून दुसरी लावा. हा माणूस स्वतः गिटार वाजवणारा नव्हता, रेडिओ दुरुस्त करणारा होता. दुरुस्ती करणाऱ्याच्या डोक्यातून निघालेली वस्तू दुरुस्तीला सोपी असते. आम्ही फर्निचरवालेही हे जाणतो. ज्याने कधी मोडलेली खुर्ची हातात घेतली नाही त्याने केलेली खुर्ची ओळखू येते.

पहिला नियम भाईजाननी घालून दिला. मोडलेले दोन तुकडे पुन्हा पुन्हा जुळवून बघायचे नाहीत. मोडीच्या तोंडावर जे बारीक धागे उभे असतात ते कुलपाच्या दातांसारखे एकमेकांत बसतात. दहा वेळा जुळवले की ते दात वाकतात आणि मग सांधा कधीच बसत नाही. पॉलिशपेपरही लावायचा नाही. तारा काढल्या, खुंट्या काढल्या, सायकलच्या पंपाने धूळ उडवली आणि भिंगाखाली बघितले. मोड तिरपी होती, दोन-अडीच इंच लांब. हे आमचे नशीब. लांब तिरप्या मोडीला सरस धरायला जागा मिळते. आखूड, सरळ मोड असती तर नुसत्या गोंदाने काम झाले नसते. मागच्या बाजूची एक ढलपी मात्र नव्हती, ती प्रवासात कुठेतरी पडली होती.

मग गोंद कोणता, यावर दोन दिवस चर्चा. वडिलांच्या काळी जनावराच्या कातड्या-हाडांचा सरस पाण्यात भिजवून, डब्याला पाण्याच्या भांड्यात ठेवून शिजवत. हार्मोनियमवाले, सतारवाले अजून तो वापरतात. त्याचा गुण हा की पुढे कधी सांधा उघडावा लागला तर उष्णतेने आणि ओलाव्याने तो सुटतो. दोषही तोच. नगरचा उन्हाळा आणि बंद गाडीतली पेटी, यांत तो टिकेल याची खात्री नाही. दोन नळ्यांचा एपॉक्सी पोकळी भरतो, पण एकदा बसला की बसला, मागचा रस्ता बंद. फर्निचरला लावतो तो पांढरा गोंद घट्ट असतो, पण सततच्या ओढ्याखाली, गरमीत, तो भिजल्या कणकेसारखा अगदी हळू सरकतो. खुर्चीला ते चालते, कारण माणूस उठतो. तारा कधी उठत नाहीत. शेवटी वाद्यांच्या दुरुस्तीला वापरतात तो पिवळा लाकडाचा गोंद मागवला. तो वाळल्यावर कडक होतो आणि सरकत नाही.

मिरजेला गेलो असतो तर हे सगळे शिकायला मिळाले असते. मिरजेतल्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तलवारींना धार लावण्याचे काम मागे पडल्यावर सतार-तंबोरे करायला घेतले. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतले आद्य नाव. शस्त्र करणारा हात वाद्य करू लागला, आणि पुढे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्यासारखे गवई तिथे राहिले. १९३७ साली त्यांचे निधन झाले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केले. त्यांच्या स्मरणार्थ तिथे संगीताचा जलसा होतो. मंगळवेढा-पंढरपूर भागातला कडू भोपळा, तुणीचे लाकूड आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा हात, यांवर तो धंदा उभा आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातल्या मुसलमानांनी मराठी मुलखाला काय दिले असे कोणी विचारले की आम्ही इतिहासाची पाने उलटीत बसत नाही. मैफलीत गवयाच्या मागे जे दोन तंबोरे असतात ते बघा, म्हणतो.

पण मिरज लांब आणि नाताळ जवळ.

पुतण्याने त्या दिवसांत आम्हाला एक हकीकत सांगितली, ती त्याला त्याच्या मित्राकडून कळलेली. विलायतेत पीट टाउनशेंड नावाचा एक प्रसिद्ध गिटारवादक आहे. १९६४ साली लंडनजवळच्या एका छोट्या जागेत वाजवत असताना त्याच्या गिटारचे डोके ठेंगण्या छताला धडकून मोडले. लोक हसले, तेव्हा रागाने त्याने उरलेली गिटार आपटून फोडली. पुढे ती त्याची ओळखच झाली, लोक त्यासाठी येऊ लागले. पण तोच माणूस घरी बसून मोडलेल्या गिटारी पुन्हा चिकटवून दुसऱ्या कार्यक्रमाला नेत असे. आणि हा माणूस १९७२ साली आमच्या नगरजवळ, अरणगावच्या मेहेराबादला मेहेरबाबांच्या समाधीवर माथा टेकायला आला होता. मेहेरबाबा इराणी पारशी घरातले, पण त्यांच्या पहिल्या गुरू म्हणजे पुण्याच्या हजरत बाबाजान, एक मुसलमान स्त्री. त्यांनी सांगितलेल्या प्रार्थनेचे नाव ‘परवरदिगार’. टाउनशेंडने त्या प्रार्थनेला चाल लावून १९७२ साली आपल्या तबकडीत घेतले. आमचा शब्द असा कुठून कुठे जाऊन विलायती गिटारवर बसला! भाईजान ऐकत होते. “तोडने में क्या है,” ते म्हणाले, “जोडता था, वो अच्छा करता था.”

आम्ही कोरडी तालीम आधी केली. गोंद न लावता शिकंजे कुठे बसतात, दाब कसा येतो, हे बघून ठेवले. मानेची पाठ गोल, त्यावर सपाट शिकंजा घसरतो. म्हणून त्या गोलाईच्या आकाराचे लाकडी ठोकळे कोरले आणि आतून जुन्या चपलेचे मऊ रबर लावले. ठोकळे मानेलाच चिकटू नयेत म्हणून मध्ये प्लास्टिकचा कागद. सळईच्या नटाला मेण चोळले, गोंद तिथे गेला तर सळई कायमची अडकली असती. नगरची डिसेंबरची रात्र थंड, आणि थंडीत हा गोंद धरत नाही. म्हणून एका खोक्यात बल्ब लावून उबारा केला.

शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर काम केले. मोड अगदी थोडी उघडून, गिटारच्याच एका बारीक तारेने गोंद आतपर्यंत पोहोचवला. आमच्यापैकी एकाने मान धरली, एकाने गोंद, आणि शिकंजे आवळले भाईजाननी. त्यांचा हात कळतो. जास्त आवळले की सगळा गोंद बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो, कमी आवळले की फट राहते. चहूबाजूंनी गोंदाचे बारीक मणी बाहेर आले तेव्हा ते थांबले. पुतण्या ओल्या फडक्याने पुसत होता. बाप-लेक त्या आठवड्यात पहिल्यांदाच एका कामावर वाकलेले आम्ही पाहिले.

चोवीस तास पुरतात असे बाटलीवर लिहिलेले असते. आम्ही तीन दिवस ठेवले.

सांधा बसला, पण भाईजानचे समाधान झाले नाही. ढलपी गेलेली, पोकळ जागा, नुसत्या गोंदावर सिमेंटच्या गोणीचे वजन टाकायला ते तयार नव्हते. मग आजोबांचे चाक कामाला आले. कोपऱ्यातल्या अवशेषांतून बाभळीचा एक आरा काढला. साठ-सत्तर वर्षांचा, वाळून लोखंड झालेला, आणि फोडून केलेला, म्हणजे धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. त्याच्या दोन पट्ट्या काढल्या, प्रत्येकी सहा मिलिमीटर रुंद आणि चार इंच लांब. मानेच्या मागून, मोडीच्या दोन्ही बाजूंना ओलांडतील अशा दोन उभ्या खाचा पटाशीने घेतल्या, मधली सळईची जागा सोडून. खाचेत पट्ट्या चिकटवल्या, गेलेल्या ढलपीच्या जागी आऱ्याचाच तुकडा बसवला, आणि कानशीने-पॉलिशपेपरने पाठ पूर्वीसारखी गोल केली. आता जिथे मूळ लाकडाचा धागा तुटतो तिथून बाभळीचा धागा सरळ पुढे जात होता.

राहिला रंग. लालसर मानेवर बाभळीच्या दोन गडद पट्ट्या स्पष्ट दिसत होत्या. पुतण्याने बाजारातून काळ्या रंगाचा डबा आणला होता. त्याचे म्हणणे, मानेची पाठ काळी करून टाकू, अनेक गिटारींची असते, कोणाला कळणारही नाही. मित्राला तरी कशाला वाईट वाटू द्यायचे?

भाईजाननी डबा बाजूला ठेवला. त्यांनी मुलाला बाजारातल्या धान्याच्या राशीची हदीस सांगितली. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी राशीत हात घातला तर आत ओल लागली. व्यापाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा त्यांनी विचारले की मग ओला माल वर का ठेवला नाहीस, लोकांना दिसला असता. जो फसवतो तो आमच्यातला नाही. “पाऊस पडला यात त्या माणसाचा गुन्हा नव्हता,” भाईजान मराठीतच म्हणाले, “पिशवी पडली यात तुझा नाही. रंग लावलास तर मात्र होईल.” दारात बसलेली अम्मी म्हणाली, “बोलना तो पडेंगाच उसकू.” रंग लागला नाही. साधे फ्रेंच पॉलिश केले, पट्ट्या दिसतात तशा ठेवल्या.

तारा चढवायला आम्ही चार दिवस घेतले. आधी दोन, अर्ध्या ताणाने. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. रोज सकाळी भिंग घेऊन सांध्याची रेघ बघायची. अठरा तारखेला सहाही तारा पूर्ण स्वरात आल्या. त्या सुरात लावताना भाईजान असरच्या नमाजाला निघून गेले, आणि नमाज संपल्यावरही त्या दिवशी मशिदीत नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. आम्ही त्यांना काही विचारले नाही.

आम्ही दुसरे एक काम त्या काळात केले. आमच्या नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात काँग्रेसचे नेते कैदेत होते. नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले हे सगळ्यांना ठाऊक असते. मौलाना अबुल कलाम आझाद यांनी तिथे पत्रे लिहिली, ती १९४६ साली ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने छापली गेली, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसते. कैदेत असतानाच १९४३ साली कलकत्त्यात त्यांच्या पत्नीचे, जुलेखा बेगमचे, निधन झाले. त्याच वर्षी याच किल्ल्यात बसून त्यांनी संगीतावर एक मोठे पत्र लिहिले. वडील पीर, घर कर्मठ, अशा वातावरणात तरुणपणी ते सतार शिकले. आग्र्याला असताना चांदण्या रात्री सतार घेऊन ताजमहालाकडे जात आणि वाजवत बसत. इस्लामचा स्वभावच कलेच्या विरुद्ध आहे हा समज त्यांना मान्य नव्हता. फकीहांनी जी सक्ती केली ती वाईटाकडे नेणारी वाट आधीच बंद करावी म्हणून, असे त्यांचे म्हणणे. ‘तर्जुमान-उल-कुरआन’ लिहिणारा आलिम हे लिहितो, आणि तेही आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर!

अम्मी उर्दू शाळेत शिकलेली. तिने ते पत्र भाईजानसमोर ठेवले. त्यांनी ते दोन रात्री वाचले. मौलानांबद्दल त्यांना फार आदर. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “खरं आहे. पण चार-पाच वर्षांनी त्यांनी सोडलीही होती, तेही त्यांनीच लिहिलंय.” आम्ही म्हटले, सोडली, पण मिजराबीने बोटावर पडलेली खूण पुष्कळ दिवस गेली नाही, हेही त्यांनीच लिहिले आहे. भाईजान हसले. वाद तिथेच थांबला. त्यांचे मत बदलले असे आम्ही म्हणणार नाही. आमचेही नाही. उलेमांमध्ये इमाम गजालींपासून या विषयावर दोन्हीकडे बोलले गेले आहे, तो प्रश्न नगरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये सुटेल अशी अपेक्षाच चूक आहे. पण एवढे खरे की एका घरात दोन मते एका टेबलाशी काम करू शकली.

बावीस तारखेला भाईजान स्वतः मुलाबरोबर मित्राच्या घरी गेले. आमच्यापैकी एक जण सोबत होता. गिटार उलटी करून त्यांनी आधी पट्ट्या दाखवल्या. कुठे मोडली, कशी जोडली, काय लावले, सगळे सांगितले. “सांधा मजबूत आहे, पण मोडलेल्या वस्तूची किंमत कमी होते. जो फरक असेल तो सांगा, आम्ही हप्त्याने देऊ,” असे म्हणाले. मित्राचे वडील वायरमन आहेत. त्यांनी पट्ट्यांवरून अंगठा फिरवला, कुठे खडबड लागते का ते बघितले आणि विचारले, “बाभूळ का?” भाईजाननी चाकाची गोष्ट सांगितली. त्यांचेही आजोबा श्रीगोंद्याकडचे, गाडीवान. बोलणे मग गिटारवरून बैलांवर गेले. मुलगा तोवर तारा जुळवत होता. भाईजान उठले नाहीत. चहा संपेपर्यंत बसून राहिले आणि मुलाने जे काही वाजवले ते त्यांना ऐकावेच लागले.

फरकाचे पैसे त्या गृहस्थांनी घेतले नाहीत. त्याऐवजी आतल्या खोलीतून एक जुनी हार्मोनियम आणून पुढे ठेवली. तिचा भाता फाटला होता आणि बुडाची फळी सुटली होती. नगरच्या ख्रिस्ती घरांतून अशा पेट्या पुष्कळ. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी इथल्या मिशनमध्ये असताना भजन-कीर्तनाचा मराठी बाज उपासनेत आणला, तेव्हापासून मराठी भजने हा तिथल्या घराघरांतला भाग आहे. “मिस्त्री, फरक द्यायचाच असेल तर हिला बघा,” ते म्हणाले. भाईजाननी पेटी उलटसुलट केली आणि फळी कोणत्या लाकडाची आहे ते नखाने बघितले.

त्यानंतर आमच्या शेडमध्ये वाद्ये येऊ लागली. दोन तमाशाच्या फडांतल्या ढोलक्या, शिर्डीच्या वाटेवर थांबलेल्या एका कव्वालाची पेटी, भजनी मंडळाची वीणा, बेंजो पार्टीचा बेंजो. खोडांचे, फळ्यांचे, सांध्यांचे काम आम्ही करतो, कातड्याचे आणि सुरांचे ज्याचे त्याने बघावे. दर पेटीमागे आम्ही मजुरी घेतो आणि कागदावर काय बदलले ते लिहून देतो, ही भाईजानची पद्धत. जोडलेली जागा रंगाने झाकायची नाही, हीसुद्धा. वाद्य सुरात लावायची वेळ आली की ते अजून वजूला उठतात. पुतण्या डिप्लोमा करून पुण्याला नोकरीला लागला. पहिल्या पगारातून त्याने स्वतःची गिटार घेतली आणि तसे वडिलांना फोनवर सांगितले. भाईजाननी एवढेच विचारले, “सर सीधा है या पीछे झुका?” सीधा है, असे तो म्हणाला. आजोबांच्या आऱ्याचा अजून दीड हात तुकडा शिल्लक आहे, तो आम्ही वेगळा काढून ठेवला आहे.